गालिच्याच्या चार खळ्या

ता. ४ जानेवारी

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

दूध उतू जाऊ नये म्हणून मी शेगडीपाशी उभी होते, डोळे दुधावर आणि हात पिळायच्या कपड्यांत. तिकडे बैठकीच्या खोलीत हे गुडघे टेकून गालिचा विंचरत होते. तुम्ही पाहिलंय ते. खिडकीकडून दाराकडे, कधी उलट नाही. लव ज्या बाजूला झोपते त्याच बाजूला ब्रश फिरवायचा, नाहीतर लोकर रुसते, असं ह्यांचं शास्त्र. मी स्वयंपाकघरातून सुनावलं की ह्याच्या निम्म्या मायेनं माझे केस विंचरले असते तर आज मी राणी दिसले असते. तिकडून उत्तर आलं की गालिचा निदान टोमणे मारत नाही. तेवढ्यात दूध उतू गेलं.

मला अशाच सकाळी आठवतात, वन्सं. पुस्तकांतल्या बायकांना नवऱ्याचे शेवटचे शब्द आठवतात, मला उतू गेलेलं दूध आठवतं. आठ महिने झाले तरी शेगडीच्या कडेला तो डाग असेल असं वाटतं, आणि बघायला जावं तर नसतो. मीच पुसलेला आहे.

रडगाणं पुरे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला दुःख ओरडून सांगता येत नाही, म्हणून पत्र. गालिच्याचंच एक प्रकरण झालंय.

ह्यांची खिडकीतली खुर्ची, तीच, जिच्यात बसून हे संध्याकाळी माझं वाचन ऐकता ऐकता डुलक्या काढायचे, तिचा मागचा पाय निखळला. चिरंजीव ती सुताराकडे घेऊन गेला. सुतार म्हणाला की पाय सोपा आहे, पण बसायचं वेताचं विणकामही गेलंय, वेळ लागेल. त्याला आज पाच आठवडे झाले. खुर्ची उचलली तेव्हा खाली गालिच्यात चार खळगे दिसले, चार पायांचे. हे त्यांना खळ्या म्हणायचे. गालिच्याला गाल असतो म्हणून खळी पडते, हा विनोद ह्यांनी गालिच्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चौतीस वर्षं ऐकवला, आणि मालकाने तरी पगार चालू ठेवला. भला माणूस.

आज रविवार, म्हणून चिरंजीव आला होता. पुढच्या महिन्यापासून सूनबाई कामावर परत जाणार आणि छोटी दिवसभर माझ्याकडे राहणार, हे तुम्हाला मागे कळवलंच होतं. ती आता रांगते, म्हणजे खरं तर सुटते. तर चिरंजीवाचं म्हणणं असं की एवढ्या जुन्या गालिच्यावर तिला सोडायचं नाही. धूळ असते, ती तोंडात घालेल. त्याने नवा पसंत केलाय, धुता येतो म्हणे. पंचवीस तारखेच्या रविवारी तो नवा घेऊन येणार आणि जुना नेणार.

मी म्हटलं की हा लोकरीचा आहे, तुझ्या बाबांचा शब्द आहे. त्यावर तो खाली बसला, एका खळीत बोट घातलं आणि म्हणाला की बाबाच सांगायचे ना, लोकर दबते पण वजन हटलं की थोड्या दिवसांत उठून उभी राहते, नायलॉन मात्र एकदा बसला की बसला. मग पाच आठवड्यांत ह्या खळ्या भरल्या का नाहीत? हा नायलॉन आहे, आई. एक तर बाबा फसले, नाहीतर आपल्याला फसवलं. हसत हसत म्हणाला, त्याच्या मनात काही नव्हतं. मी पण हसले.

ह्यांचं लोकरपुराण तुम्हाला पाठ आहे, तरी लिहिते, कारण मला ते कुणाला तरी सांगायचंय. लोकर थंडीत पायाला ऊब देते. हवेतला ओलावा पिते आणि हवा सुकली की परत देते. सांडलेला चहा आधी थेंब थेंब होऊन वर उभा राहतो, फडकं आणायला उसंत देतो. चिरंजीव तीन वर्षांचा असताना त्यानेच हे प्रयोग पुष्कळदा करून दाखवलेत. धूळ लवेत धरून ठेवते, ब्रश फिरेपर्यंत हवेत उडू देत नाही. चटकन पेट घेत नाही. आवाज पोटात घेते, म्हणून खालच्या मजल्यावरची बाई मला अजून ओळख दाखवते. हे सगळं मी एक्केचाळीस वर्षं एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडलं. आता पाहते तर दुसरा कान बंदच होता, सगळं आतच राहिलंय.

हा गालिचा आणायला हे गेले तेव्हा तुम्ही बरोबर होतात. आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. एका कोपऱ्यातलं फूल विणकराने उलटं विणलं म्हणून दुकानात तो पडून होता आणि ह्यांनी खांद्यावर टाकून घरी आणला. तुम्ही पाहिलं होतं का? तो खरंच लोकरीचा होता का? जे असेल ते लिहा, मला बरं वाटावं म्हणून लिहू नका.

वाचन सध्या बंद आहे. पुस्तकं दुसऱ्या कामात आहेत.

तुमचा गुडघा कसा आहे? लोभ आहेच, तो माझ्या अक्षरासारखा वाकडातिकडा का होईना, चालू ठेवावा.

तुमची,
एक्केचाळीस वर्षं जुनी झालेली
नवी


ता. ८ जानेवारी

चि. नवीस,
अनेक आशीर्वाद.

आधी एक कबूल करते. पाकिटावर हाताच्या सवयीने सौ. लिहिलं गेलं. खोडलं. खोडलेलं त्याहून वाईट दिसलं, म्हणून पाकीटच बदललं. बासष्ट वर्षं तो माझा धाकटा होता आणि हात अजून ऐकत नाही. तुझं पत्र मात्र ठणठणीत वाटलं. टोमणे शाबूत आहेत म्हणजे माणूस शाबूत आहे.

आता गालिचा. मी बरोबर होते हे खरं, पण गालिच्याकडे बघितलं नव्हतं हेही खरं. शेजारच्या दुकानात पडद्याचं कापड लागलं होतं आणि माझं शिवणकाम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे मी तिकडे हरवले होते. धाकटा बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक लांबलचक गुंडाळी होती आणि चेहरा असा, की जणू नवरी पुन्हा एकदा घरी नेतोय. मी विचारलं काय आहे, तर म्हणाला लोकर. मी मानलं. मी कापडातली माणूस, हात लावून बघायला हवा होता. पण भावाच्या तोंडावर एवढा आनंद असला की बहीण कापड तपासत नाही.

तेव्हा साक्ष देता येत नाही, उपाय मात्र सांगते. चाळीस वर्षं बायकांनी मला नायलॉन आणून लोकर म्हणून शिवायला दिलं आणि मी प्रत्येकीला हेच करून दाखवलं. एक धागा उपटायचा, चिमट्यात धरायचा आणि ज्योतीत धरायचा. लोकर असेल तर कुरकुर करत जळते, ज्योत बाजूला केली की आपली आपण विझते, आणि राख बोटात चुरते. नायलॉन असेल तर वितळून त्याचा कडक मणी होतो. एवढंच. ह्यात चूक व्हायला जागा नाही.

तरी चिरंजीवाचं बोलणं मलाही खटकलं. पोरगं चावट आहे, पण बोललं ते बरोबर आहे. लोकर पाच आठवडे दबून राहत नाही. तिचा धागाच मुळात कुरळा, त्याला सरळ पडून राहणं माहीतच नाही. बघ बाई. धागा जाळ आणि कळव.

गुडघा आहे तिथेच आहे. जिने मला भीत नाहीत, मी त्यांना भिते. तुझ्या पत्राची वाट पाहण्याचं व्यसन लागलंय, ते सुटू देऊ नकोस.

तुझी
वन्सं


ता. १३ जानेवारी

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

चूक व्हायला जागा नाही असं तुम्ही लिहिलंत. चुकीला माझ्याकडे नेहमीच जागा मिळते, पण ह्या वेळी मी अगदी सांगितल्याप्रमाणे केलं. गालिच्याच्या कडेच्या झालरीतला एक धागा कापला. मधला उपटायचा म्हणजे टक्कल पडेल, आणि हे वरून बघत असतील तर काय म्हणतील, म्हणून झालरीतला. भुवयांचा चिमटा घेतला. त्याला पंधरा वर्षांत काम नव्हतं, माझ्या भुवयांनी आपणहून निवृत्ती घेतलीय. शेजारी पाण्याचं पातेलं ठेवलं, आग लागली तर असावं म्हणून. धागा ज्योतीत धरला.

भुर्रकन पेटला, वन्सं. पिवळी ज्योत झाली, बाजूला घेतला तरी जळतच राहिला, आणि वास आला तो कागद जाळल्याचा. कुरकुर नाही, आपला आपण विझणं नाही. मणी पण झाला नाही. म्हणजे हा गालिचा लोकरीचा नाही, नायलॉनचाही नाही, रद्दीचा आहे.

हसले मी. मग पातेल्यातलं पाणी ओतून टाकलं आणि मग हसायचं थांबले.

गालिचा कशाचा का असेना, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच म्हणावंसं वाटतंय. आम्ही त्याच्यावर बसलो, लोळलो, चिरंजीव त्याच्यावर पहिलं पाऊल टाकून पडला आणि त्याला लागलं नाही. पण हे रोज गुडघे टेकून त्याला विंचरत होते, आणि चौतीस वर्षं गालिचे विकणाऱ्या माणसाला कळलं नसेल? कळलं असणारच. मग मला सांगितलं का नाही? आणि हे एक खोटं असेल, तर बाकीचं कुठून खरं धरायचं? माझं वाचन ऐकायला आवडतं म्हणायचे. मी चौथीत शाळा सोडलेली बाई, जोडाक्षराला अडखळते, आणि ह्यांनी चाळीस वर्षं ऐकलं. आवडत होतं का नुसतं सोसत होते? आणि शेवटच्या आठवड्यात मी रोज विचारायचे दुखतंय का, तर रोज मान हलवायचे की नाही, अजिबात नाही. ते?

दोन दिवस मी ह्यांच्याशी अबोला धरला. जिवंतपणी मला तो एक तासही कधी जमला नव्हता. आता मात्र सुरेख जमला, समोरून चहा मागणारं कुणी नाही ना.

काल चिरंजीवाला फोन करून सांगितलं की तुझं बरोबर होतं, पंचवीस तारखेला घेऊन जा. तो म्हणाला की असू दे आई, बाबांना माहीत असेल आणि तुला सांगवलं नसेल. हे त्याने इतकं मायेनं सांगितलं की त्यापेक्षा भांडला असता तर बरं.

तुमच्या इस्त्रीचा डाग पण जाईल आता. चिरंजीवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या कपड्यांना टीप घालताना तुम्ही गरम इस्त्री गालिच्यावर ठेवून दिली होतीत, आठवतं? होडीसारखा करडा डाग. दर वेळी पुसताना मी तुम्हाला शिव्या द्यायचे. त्याही आता पुरवून वापरायला हव्यात.

लोभ करावा, पण मला शहाणी समजून करू नये.

तुमची
नवी


ता. १७ जानेवारी
(जलद टपालाने)

चि. नवीस,
आशीर्वाद नंतर. आधी कान पुढे कर.

अगं वेडे, झालर कुणी जाळायला सांगितली होती तुला? झालर म्हणजे ताण्याची टोकं. माग लावताना उभे धागे ताणतात ते सुताचे, मजबूत असावेत म्हणून. आणि त्यांच्यावर गाठी मारून जी लव उभी करतात ती लोकरीची. सूत जळलं की कागदाचाच वास येणार. माणसाला टक्कल आहे का बघायला तू त्याचा सदरा तपासलास! धागा लवेतला घे. मी शिवणकामातली म्हातारी, लवेतला असं लिहायला विसरले, तेवढा गुन्हा माझा. बाकीचा तुझा.

आणि इस्त्रीचं तूच लिहिलंस, म्हणून मला आठवलं, नाहीतर मी ते विसरण्याचा बरीच वर्षं प्रयत्न करत होते. त्या दिवशी काय झालं होतं ते आठव. घरभर केस जळल्याचा वास सुटला होता. इतका, की तू धावत येऊन आधी माझी वेणी तपासलीस, मग स्वतःची, मग पाळण्यातल्या पोराचं जावळ. गालिचा तपासला सगळ्यात शेवटी. केस जळल्याचा वास सुताला किंवा नायलॉनला येत नाही, लोकरीला येतो, कारण लोकर म्हणजे मेंढीचे केसच. नायलॉन असता तर माझी इस्त्री त्यात रुतून बसली असती, आणि सूत असतं तर भोक पडलं असतं. नुसता डाग पडला. तेव्हा गालिचा लोकरीचा आहे, होता, आणि माझ्या गुन्ह्याचा डाग हीच त्याची पावती आहे.

आता दुसरं. हे लिहावं की नाही म्हणून एक दिवस थांबले. पण तू विचारलंस, आणि बरं वाटावं म्हणून लिहू नका असं तूच बजावलंयस.

त्याला दुखत होतं, नवी. मी शेवटच्या आठवड्यात येऊन गेले तेव्हा तू औषध आणायला खाली गेली होतीस. त्याने मला सांगितलं की रात्रंदिवस दुखतं, आणि वर दम दिला की हिला सांगशील तर बघ. मी सांगितलं नाही. माझा भाऊ तुझ्याशी एकदाच खोटं बोलला, आणि ते गालिच्याबद्दल नव्हतं.

तुझ्या वाचनाबद्दलही मला ठाऊक आहे. तो म्हणायचा की ही जोडाक्षराला थांबते तेव्हा मी डोळे उघडतो, हिचं तोंड बघायला. झोपलेला असायचा तो तुझा समज होता.

राहिल्या खळ्या. गालिचा लोकरीचा, खुर्ची पाच आठवडे सुताराकडे, आणि खळ्या जशाच्या तशा. असं होत नाही. मला तुझा संशय येतो. लग्न होऊन आलीस त्या वर्षी तू कॅलेंडरचं पान उलटू देत नव्हतीस, माहेर सोडलं तो महिना संपू नये म्हणून. दुसऱ्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत आम्ही सगळे चुकीच्या वारी बाजारात जाऊन, दुकानं बंद म्हणून परत येत होतो. खरं सांग, काय करून ठेवलंयस? पुस्तकं दुसऱ्या कामात आहेत म्हणजे कुठल्या?

पंचवीस तारखेच्या आत पोराला सांग. ताबडतोब.

रागावले नाहीये, पण रागावल्यासारखं वाच.

तुझी
वन्सं


ता. २५ जानेवारी, रविवार, संध्याकाळ

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. पहिल्यांदा वाचलं आणि झालरीपाशी हसले. दुसऱ्यांदा वाचलं आणि पुढच्या पानावर थांबले. त्या पानाबद्दल आज फार लिहीत नाही. दुखत होतं हे मला माहीत होतं, वन्सं. एक्केचाळीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याचा श्वास मला कळत नव्हता का? माहीत नाही असं मीही दाखवत होते. म्हणजे आम्ही दोघंही एकेकदा खोटं बोललो, एकाच आठवड्यात. फिटंफाट झाली. अबोला सोडलाय.

वाचनाचं जे लिहिलंत ते मात्र माहीत नव्हतं. आता जोडाक्षर आलं की मलाच लाज वाटते, या वयात.

लवेतली एक गाठ काढली, सोफ्याखालची, दिसणार नाही अशी. जाळली. कुरकुरली, वास आला, आपली आपण विझली. राख बोटात चुरली. तेच बोट मी नंतर भाजी चिरेपर्यंत धुतलं नाही.

आता माझा गुन्हा. तुमचा संशय खरा आहे. खुर्ची गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी झाडताना पाहिलं, तर खिडकीकडची खळी जरा उथळ झालेली. कडेची लव मान वर काढून बघत होती. ह्यांचे कपडे दिले, चष्मा दिला, औषधांच्या बाटल्या धुऊन भंगारात टाकल्या. पण ह्या चार खळ्या ह्यांच्या वजनाने पडलेल्या होत्या. माणसाचं वजन मागे राहतं असं मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. ते भरून येतंय हे मला बघवेना.

म्हणून मी फळीवरची पुस्तकं उतरवली. शब्दकोशाचे दोन खंड दोन खळ्यांत. घरगुती औषधांचं जाडं पुस्तक तिसऱ्या. चौथ्या खळीला बागकामाचं, आणि ते हलकं पडतं म्हणून वर खलबत्ता. पुस्तकं खळीपेक्षा मोठी, म्हणून खाली मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या उपड्या घातल्या, खुर्चीच्या पायाएवढ्याच. बघा किती डोकं चालवलं! आठवडाभर अशी चार स्मारकं बैठकीत उभी, आणि मी त्यांच्यामधून पाण्याची कळशी घेऊन वळणं घेत जाणार. रविवारी चिरंजीव यायच्या आधी सगळं उचलून फळीवर. तो आला की खळ्या ताज्या. आणि त्या ताज्या खळ्यांत बोट घालून त्याने बापाला खोटं पाडलं.

मीच साक्षीदार फितवला, वन्सं. ह्यांचा शब्द खरा ठरायचा एकच मार्ग होता, खळ्या भरून येणं, आणि मी त्यांच्यावर शब्दकोश ठेवून बसले होते. शब्द दाबायला शब्दकोश! विणकराने एक फूल उलटं विणलं म्हणून गालिचा दुकानात पडून राहिला होता. मला कुठल्या दुकानात ठेवतील?

मंगळवारी पत्र वाचून झाल्यावर पुस्तकं उचलायची ठरवली. बुधवारी ठरवली. गुरुवारी पण. शेवटी आज चिरंजीव, सूनबाई आणि छोटी आली तेव्हा ती तशीच होती. उचलली नाहीत, म्हणजे पकडली जाईन आणि सांगावं लागेल, असा हिशेब केला. भित्र्या माणसाला हिंमत अशीच आणावी लागते.

चिरंजीव खांद्यावर नवी गुंडाळी घेऊन दारात उभा राहिला. अगदी ह्यांच्यासारखा उभा राहतो तो, गुंडाळी खांद्यावर असली की. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं की हा खलबत्ता जमिनीवर का. मी सगळं सांगितलं. झालर, इस्त्री, वेणी, वाट्या, सगळं. आधी तो इतका हसला की गुंडाळीसकट खाली बसला. सूनबाई म्हणाली की तरीच गेले दोन महिने रविवारी मसाल्याचा डबा उघडला की वाट्या नसायच्या. मग त्याने शब्दकोश उचलला, खालची वाटी उचलली, आणि खळीत बोट घातलं तेव्हा हसायचा थांबला. बोट न काढता म्हणाला की मी बाबांना फसवे म्हणालो. मी म्हटलं की तुझी चूक नाही, तुला पुरावाच तसा दिला होता, आणि देणारी घरातलीच होती.

खळ्या उठवायचा उपाय ह्यांचाच होता. ओलं फडकं खळीवर ठेवायचं, वरून इस्त्री जरा अधांतरी धरायची, टेकवायची नाही, वाफ आत गेली की बोटांनी लव उचलायची. गिऱ्हाइकांना सांगताना शंभरदा ऐकलंय. इस्त्री हातात घेतली तेव्हा तुमची आठवण झाली आणि मी ती वीतभर वर धरली. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा इस्त्री जरा खाली आणली, वाफ बसली, घरभर ओल्या मेंढीसारखा वास सुटला, आणि मी बोट फिरवलं तर लव एक एक करून उठायला लागली, जशी झोपेतून उठवलेली मुलं कुरकुरत उठतात. खळी गेली. पाच मिनिटांत. कुठे होती ते मला सांगता येईना.

दुसरी चिरंजीवाने केली, तिसरी पण त्यानेच. छोटीला सूनबाईने मध्यभागी सोडलं होतं. ती कुठे धूळ खात नव्हती. उलट्या फुलापाशी जाऊन त्याच्यावर गाल टेकून पडली आणि काही हालेना. चिरंजीव म्हणाला की बघ, गालाला गाल. बापाचा विनोद त्याला येतो हे मला आजच कळलं. इतका टुकार विनोद एका घरात दोन पिढ्या टिकला, म्हणजे तोही लोकरीचाच असणार.

नवी गुंडाळी तो स्वतःच्या घरी घेऊन गेला, त्यांच्या मोरीबाहेर घालणार म्हणे. छोटी इथे ह्याच गालिच्यावर राहील. महिन्यातून एकदा तो उन्हात टाकायचा आणि झटकायचा, कसर लागू नये म्हणून, एवढी अट सूनबाईने घातली आणि मी मानली. खुर्ची बुधवारी येईल.

चौथी खळी राहिली. दाराकडची. मी म्हटलं इस्त्री निवली. निवली नव्हती, आणि चिरंजीवाला ते दिसत होतं, पण तो म्हणाला की असू दे, निवली असेल. आता एकदा तोही माझ्याशी खोटं बोलला. घराण्याची रीतच आहे.

लोभ असावा, आणि मी कितीही जड वस्तू त्याच्यावर ठेवल्या तरी पुन्हा वर यावा.

तुमची
नवी

ता. क. पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून सोमवारचं पुढे लिहिते. सकाळी दूध तापवलं, कपडे पिळले, चौथी खळी उठवली. पुस्तकं फळीवर लावली. मग गुडघे टेकून गालिचा विंचरला, खिडकीकडून दाराकडे.